अमूर्त फुलांचं मिक्स्ड मीडिया चित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गच्चीवर रविवारी वर्ग भरतो. त्याला नेहमी येणारे, एकदाच येऊन गेलेले आणि कधीच न आलेले असे सगळे मिळून मला फोनवर जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केलेत. बरेचसे रात्री साडेअकरानंतर, ओल्या चित्राच्या फोटोसकट येतात. तुमचंही चित्र आत्ता ओलं असेल तर आधी प्रश्न १० आणि १७ वाचा. बाकीचं निवांत.

१. मिक्स्ड मीडिया म्हणजे नक्की काय? वॉटरकलरवर रंगीत पेन्सिल फिरवली तर ते मिक्स्ड मीडिया होतं का?

होतं. एका चित्रात एकाहून जास्त माध्यमं आली की झालं. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीची छपाई असलेला मेणकापडाचा तुकडा सरळ चित्रावर चिकटवला आणि कडेने खराखुरा दोर लावला. तेव्हापासून चित्रात काय चालतं आणि काय नाही, यावर फारसं कुणी भांडत नाही. आपल्या फुलांच्या चित्रात साधारण चार गोष्टी असतात: ॲक्रिलिक रंग, चिकटवलेले कागद, ठसे, आणि सगळ्यात वर ऑइल पेस्टलच्या किंवा शाईच्या रेघा.

२. फुलं आहेत तर चित्र अमूर्त कसं? आणि अमूर्त असेल तर फुलं कुठली?

हा प्रश्न बहुतेक वेळा नवरे किंवा सासरे विचारतात, पण प्रश्न चांगला आहे.

चित्रकार वासुदेव गायतोंडे स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणायला तयार नव्हते, ते वस्तुनिरपेक्ष म्हणत. म्हणजे बाहेरची एखादी वस्तू घेऊन ती अस्पष्ट केलेली नाही, तिथे वस्तूच नाही. आपण एवढ्या लांब जात नाही. आपल्याकडे फूल असतं, पण ओळखपत्राशिवाय. दसऱ्याच्या आदल्या रात्री मंडईत झेंडूचा ढीग बघा. त्यात एकही फूल धड दिसत नाही, दिसतो तो केशरी रंगाचा भार आणि मधेमधे हिरवी खोच. तो भार कागदावर आला की काम झालं. पाकळ्या मोजायला कुणी येत नाही.

३. मी शाळेत एलिमेंटरीची परीक्षासुद्धा दिली नव्हती. मला जमेल का?

जमेल. उलट एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड मिळवलेल्यांना पहिले दोन रविवार जड जातात. त्यांचा हात आपोआप फुलदाणी काढायला लागतो, मग फुलदाणीला सावली, मग टेबलाची कड. हात बसलेला असतो, तो उठवावा लागतो.

वयाचं विचारणाऱ्यांसाठी एकच माहिती देते. मेरी डेलनी नावाच्या इंग्रज बाईंनी रंगीत कागद कातरून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली ती बहात्तराव्या वर्षी. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ हजार फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती अमूर्त नाहीत, वनस्पतिशास्त्राला धरून आहेत, पण कातर आणि गोंद तोच.

४. सामान काय काय आणायचं? यादी पाठवा ना.

विकत आणायचं ते एवढंच: ॲक्रिलिकचे चार रंग (एक पिवळा, एक लाल किंवा गुलाबी, एक निळा आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब), मॅट मीडियमची बाटली (रंग नसलेलं, न चमकणारं ॲक्रिलिक, गोंदासारखंही चालतं), जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर), एक रुंद आणि एक बारीक ब्रश, ऑइल पेस्टलची छोटी पेटी. काळा आणू नका. तो घरात असला की वापरला जातो.

बाकीचं घरातच आहे. मुदत संपलेलं एटीएम कार्ड (खरवडायला याच्याइतकं उत्तम हत्यार नाही), मोडका कंगवा, जुना टूथब्रश, बबल रॅपचा तुकडा, मेणबत्ती, इस्त्रीवाल्याकडे पाणी मारायला असते तसली फवाऱ्याची बाटली, चिंध्या. ताटली म्हणून प्लास्टिकच्या डब्याचं झाकण घ्या, त्यावर वाळलेला रंग सालीसारखा निघून येतो. त्या साली फेकू नका, पुढच्या चित्रात पाकळ्या म्हणून चिकटतात.

५. कागद घ्यावा की कॅनव्हास?

पहिली पाच चित्रं कागदावरच करा. कॅनव्हास महाग म्हणून मनावर दडपण येतं, आणि दडपणाखाली खेळ होत नाही.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) हवा. त्याहून पातळ कागद पाणी आणि गोंद लागला की पापडासारखा वळतो. चारही कडा मास्किंग टेपने पाटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून टाका आणि जेसोचा एक हात द्या. जेसोशिवाय रंग कागदात जिरतो, मग पुसता येत नाही की खरवडता येत नाही. आपल्या पद्धतीत तर निम्मं काम पुसण्या-खरवडण्याचंच आहे. तरीही कागद वळलाच तर मागच्या बाजूलाही मीडियमचा हात द्या, दोन्हीकडून सारखा ताण आला की बहुतेक सरळ होतो.

६. कोरा कागद समोर आला की हात चालत नाही. सुरुवात कुठून करायची?

कागद कोरा ठेवायचाच नाही. आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटं चित्र काढायला बंदी असते. डाव्या हातात (डावरे असाल तर उजव्या) ऑइल पेस्टल किंवा मेणबत्तीचा तुकडा घ्यायचा आणि गिरगटायचं. कुणी वाण्याची यादी लिहितं, कुणी सासूबद्दलची तक्रार लिहितं. ती पुढे रंगाखाली जाते, कुणाला वाचता येत नाही. पण त्या अक्षरांचे वळसे चित्रभर अधूनमधून दिसत राहतात. मेणबत्तीने लिहिलेलं असेल तर त्यावरून पातळ रंग घसरतो आणि अक्षरं पांढरी राहतात. मात्र हे गिरगटणं विरळ असू दे. गच्च भरलेल्या पेस्टलवर किंवा मेणावर पुढचे थर धरत नाहीत. का, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

मग एकच रंग पातळ करून ओता, फवारा मारा, कागद उभा धरा. ओघळ येतील. कागद फिरवा, ओघळ दिशा बदलतील. ओल्या रंगावर सॅनिटायझरचा पातळ स्पिरिटवाला प्रकार थेंबथेंब टाका. थेंब पडतो तिथून रंग मागे सरतो आणि गोल कडं उमटतं. फूल कुठे असेल याचा पहिला इशारा बहुतेक वेळा या कड्यांतूनच मिळतो. (जवळपास समई, उदबत्ती पेटलेली नको आणि खिडकी उघडी हवी.)

एवढं झालं की दहा मिनिटांपूर्वी जो कागद बिघडेल म्हणून भीती वाटत होती, तो आधीच बिघडलेला असतो. आता काहीही करायला मोकळे.

७. कोलाजसाठी कुठले कागद चांगले?

जुनं पंचांग आमच्याकडे सगळ्यात लोकप्रिय आहे. बारीक टाइप, लाल-काळी छपाई आणि रकान्यांच्या रेघा. माझ्या एका चित्रात तांबड्या फुलाच्या मधोमध ‘भद्रा’ एवढाच शब्द उरलाय. मी तो मुद्दाम ठेवलेला नाही, पण झाकलाही नाही.

पतंगाचा कागद पारदर्शक असतो, एकावर एक लावला की पाकळ्यांसारखी गडद-फिकट छटा येते. पण तो ओला झाला की रंग सोडतो. हवं असेल तर मजा, नको असेल तर आधी एक तुकडा ओला करून बघा. शिलाईचे पातळ नमुना-कागद, बसची तिकिटं, संगीताच्या वहीची पानं, साडीच्या काठाचे विरळ विणीचे तुकडे, सगळं चालतं.

वर्तमानपत्र चालतं, पण ते पिवळं पडणार हे धरून चाला. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेडात ते पिवळसर तपकिरी होत जातं. मीडियमच्या खाली गेलं तरी हे पूर्ण थांबत नाही. पिवळेपणा नको असेल तर मजकुराची झेरॉक्स काढून ती लावा. झेरॉक्सची शाई पाण्याने फुटत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची बहुधा फुटते.

सगळ्यात चांगले कागद मात्र आपण स्वतः रंगवलेले. फ्रेंच चित्रकार मातिसचे कातरकामासाठीचे कागदसुद्धा आधी गॉशने (पाण्यात मिसळायच्या अपारदर्शक रंगाने) रंगवून घेतलेले असत. एक दुपार फक्त कागद रंगवण्यात घालवा: फराटे, ठिपके, कंगव्याच्या रेघा. वाळले की फाईलमध्ये ठेवा.

८. लग्नपत्रिकांचा कागद सुंदर असतो, पण त्यावर गणपती असतो. तो फाडायचा जीव होत नाही. काय करू?

फाडू नका. गणपतीचा भाग आणि जोडप्याची नावं कातरून बाजूला ठेवा. उरलेल्या कागदावर सोनेरी वेलबुट्टी, कोयऱ्या, उठावाची छपाई असते, आपल्याला तेवढीच हवी. बाजूला काढलेले गणपती मी एका डब्यात ठेवते. ते आता शंभरच्या वर झालेत आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न मीच तुम्हाला विचारते.

९. चिकटवायला फेव्हिकॉल चालेल का? आजी खळ करायची, ती?

पांढरा गोंद चिकटतो उत्तम. अडचण नंतर येते. लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने थोडा मऊ पडू शकतो. त्यावर पुन्हा ओला रंग लावला की कागदाची कड उचलली जाते. सरावाच्या चित्राला वापरा, भेट द्यायच्या चित्राला मॅट मीडियम वापरा. खाली एक हात, कागद, वरून एक हात, आणि एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढायची. सुरकुत्या राहिल्या तर राहू द्या. कोमेजत्या पाकळीला सुरकुत्या असतातच.

खळीला मात्र मी नाही म्हणते. पीठ म्हणजे कसरीचं आणि झुरळांचं जेवण. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालत ते याचसाठी. मोरचूद विषारी आहे, घरातल्या टेबलावर आणि मुलांच्या हाताशी तो नकोच.

१०. चार सुंदर रंग घेतले होते, शेवटी सगळं शेणासारखं दिसतंय. का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

कारण एक: रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग ओले असताना एकमेकांत गेले. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-केशरी. या जोड्या शेजारी ठेवल्या की एकमेकींना उजळतात आणि मिसळल्या की मचूळ होतात. फुलाच्या चित्रात लाल आणि हिरवा येणारच, म्हणून त्यांच्यामध्ये वाळण्याचा वेळ ठेवायचा. आधी सगळ्या गरम रंगांचा थर द्या, हात धुवा, चहा प्या, मग थंड रंग.

कारण दोन: ब्रश धुतलेला नाही, किंवा धुतला तो डबाभर मचूळ पाण्यात. दोन डबे ठेवा.

कारण तीन जरा फसवं आहे. ॲक्रिलिक ओलं असताना फिकट दिसतं, कारण त्यातलं बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग) दुधी असतं. ते वाळून पारदर्शक झालं की रंग गडद होतो. वॉटरकलरची सवय असलेल्यांना उलटं माहीत असतं, तिथे रंग वाळून फिका पडतो. त्यामुळे ‘अजून थोडा गडद हवा’ म्हणून जो शेवटचा हात दिला जातो, तोच नडतो. एक पट्टी वेगळ्या कागदावर ओढून वाळवून बघा.

झालेला चिखल वाया जात नाही. त्यात भरपूर पांढरा घालून जो राखाडी येतो, तो तुमच्या चित्रातल्या सगळ्या रंगांचा नातेवाईक असतो. प्रश्न ११ मध्ये लागणाऱ्या पार्श्वभूमीसाठी त्याहून चांगला रंग दुकानात मिळणार नाही.

११. मग या सगळ्या गोंधळातून फूल येतं कुठून?

फूल काढायचं नसतं, उरवायचं असतं.

आतापर्यंत तुमच्याकडे एक गिचमिड कागद आहे: ओघळ, कडी, पंचांगाचे तुकडे, गुलाबी-पिवळे डाग. तो भिंतीला टेकवून पाच-सहा पावलं मागे जा. डोळे किलकिले करा. फोनवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा. कुठेतरी दोन-तीन ठिकाणी डाग दाटलेले दिसतील. तिथे फुलं आहेत असं ठरवा. मग अपारदर्शक फिका रंग घ्या (चिखलाचा राखाडी, किंवा पांढऱ्यात निळ्याचा थेंब) आणि त्या डागांच्या भोवतीची जागा रंगवत या. ब्रश बाहेरून आत येतो आणि थांबतो, जिथे थांबतो तिथे पाकळीची कड तयार होते. पाकळीच्या आत जे काही आहे ते तुम्ही रंगवलेलंच नाही, ते आधीच्या दंग्यातून आलेलं आहे. म्हणूनच ते ताजं दिसतं.

एक उदाहरण. गेल्या चैत्रात समोरच्या रस्त्यावर बहावा फुलला होता. मी पिवळा ओतून कागद उभा केला, तर ओघळ सरळ खाली आले. नेहमी मी कागद फिरवते, त्या दिवशी फिरवला नाही, कारण बहाव्याचे घोस असेच खाली लोंबतात. ओघळ वाळल्यावर त्यांच्यामधल्या फटी मळकट निळ्याने भरत गेले. प्रत्येक ओघळाच्या कडेला कातरल्यासारखे छोटे गोल सोडले. पिवळ्याला दुसऱ्यांदा हातही लावला नाही. शेवटी गडद तपकिरी ऑइल पेस्टलने दोन लांब रेघा ओढल्या, त्या बहाव्याच्या शेंगा. चित्र पूर्ण झालं तेव्हा पार्श्वभूमी हीच सगळ्यात जास्त रंगवलेली गोष्ट होती.

किती फुलं ठेवायची? तीन सारख्या आकाराची ठेवलीत तर ती शाळेच्या फोटोतल्यासारखी रांगेत उभी राहतात. एक मोठं, एक त्याच्या आड अर्धं, आणि एक कागदाच्या कडेवरून बाहेर निघून गेलेलं, असं करून बघा. आणि पार्श्वभूमीचा रंग शंभर टक्के भरू नका. मधे खिडक्या सोडा, म्हणजे खालची वाण्याची यादी दिसत राहील.

१२. ठसे कशाचे छान येतात?

भेंडीचे. भेंडी आडवी कापली की आयतं पाच पाकळ्यांचं फूल. गंमत म्हणजे भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, त्यामुळे ही वशिल्याने आलेली पाकळी म्हणायची. कापून दहा मिनिटं कागदावर पालथी ठेवा, चिकटपणा कमी झाला की ठसा स्वच्छ उमटतो. कमळकाकडीची चकती म्हणजे भोकाभोकांचं फूल. कांदा अर्धा कापून ठसा घेतला की गुलाबाच्या पाकळ्यांसारखी वलयं येतात. पानकोबीचा गड्डा उभा कापून बघा, मी काय येतं ते सांगत नाही.

बबल रॅप, बाटल्यांची झाकणं, जुना रांगोळीचा छापा (भोकांतून जाडसर रंग दाबायचा) हेही चालतं. ठसा घेताना रंग ब्रशने लावू नका, स्पंजने लावा. आणि ठसे अर्धवट उमटू द्या. प्रत्येक ठसा ठळक आला तर चित्राचं वॉलपेपर होतं.

१३. कुठलं माध्यम कशावर चालतं? माझं ॲक्रिलिक ऑइल पेस्टलवरून घसरतंय.

घसरणारच. पाण्याचं माध्यम तेलावर धरत नाही. क्रम सोपा आहे: पाण्यातलं खाली, तेलातलं वर. ऑइल पेस्टल शेवटी.

मग प्रश्न ६ मध्ये सुरुवातीलाच पेस्टल कसा, असं तीन जणांनी विचारलंय. बरोबर पकडलंत. तिथे रेघा बारीक आणि विरळ असतात, रंग त्यांच्या दोन्ही बाजूंना कागद धरून बसतो. पेस्टल किंवा मेणाचा जाड थर देऊन त्यावर ॲक्रिलिक लावलंत तर आज दिसायला छान, पण पुढे पापुद्रे निघतील. खात्रीच हवी असेल तर सुरुवातीला साधी पेन्सिल वापरा.

अपवाद आणखी काही. स्केचपेन आणि साधे मार्कर खालच्या थरात वापरलेत तर पुढच्या प्रत्येक थरातून डोकं वर काढतात, पाण्याने न फुटणारी शाई घ्या. कोळसा वापरलात तर वरून पातळ मीडियम फवारून बसवून घ्या, नाहीतर तो पुढच्या पांढऱ्याला मळवतो. वॉटरकलर साध्या जेसोवर बसतो, पण ओल्या ब्रशने पुन्हा उठतो, म्हणून तो वापरायचा तर वर मीडियम हवाच, तोही ब्रश न घासता.

१४. खरी फुलं किंवा पाकळ्या चिकटवता येतील का?

येतील, पण पूर्ण वाळवूनच. जाड पुस्तकात टिपकागदात ठेवून दोन-तीन आठवडे, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओल राहिली तर मीडियमखाली बुरशी धरते. तेरडा, बोगनवेल, कॉसमॉस, नेच्याची पानं अशी पातळ मंडळी चांगली. गुलाब, झेंडू, निशिगंध अख्खे दाबायला जाऊ नका, पाकळ्या सुट्या करा. दोन्ही बाजूंनी मीडियम लावून बंद करा.

रंग मात्र जाणार. बोगनवेल काही महिने गुलाबी राहते, मग चहाच्या रंगाची होते. मला तो रंग आवडतो. तुम्हाला नसेल आवडणार तर पाकळीच्या खाली आधी गुलाबी ॲक्रिलिकचा थर द्या.

१५. हळद, जास्वंद, पारिजातकाचे देठ यांचे रंग वापरले तर?

खेळायला वापराच. हळदीच्या पाण्याने रंगवून वर चुन्याचं पाणी शिंपडलं की तांबडे डाग पडतात, कुंकू करायची जुनी युक्ती तीच. जास्वंदीची पाकळी कागदावर घासली तर जांभळट रंग येतो, त्यावर लिंबू पिळलं की गुलाबी होतो आणि खायच्या सोड्याचं पाणी लावलं की निळसर-हिरव्याकडे जातो. पारिजातकाच्या देठांनी तर पूर्वी कापडं रंगवत.

पण हे रंग उन्हाला टिकत नाहीत. हळद सगळ्यात आधी उडते. म्हणून असं चित्र वहीत ठेवा, खिडकीसमोरच्या भिंतीवर नाही. ट्यूबमधले सगळे रंग टिकतात असंही नाही. फ्लोरोसंट गुलाबी भराभर फिका पडतो आणि अलिझरीन क्रिमसन हा जुना नावाजलेला लालसुद्धा उजेडाला कच्चा आहे. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते, ती बघून घ्या.

१६. चित्राची वरची बाजू कुठली, हेच कळत नाहीये.

छान. चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक बाजूला एकेक दिवस भिंतीवर ठेवा. बहुतेक वेळा जड, गडद भाग वर गेला की फुलं आपल्या अंगावर झुकल्यासारखी वाटतात, खाली राहिला की मातीतून आल्यासारखी. दोन्ही बरोबर.

१७. चित्र बिघडलं. आता फेकून देऊ?

नाही. उपाय चढत्या क्रमाने:

पाच मिनिटं झाली नसतील तर ओल्या चिंधीने पुसा. जेसोवर पुसल्यावर जो फिकट डाग राहतो, तो मूळ रंगापेक्षा सुंदर असतो असा माझा अनुभव आहे. अर्धवट वाळलं असेल तर कार्डाने खरवडा किंवा ब्रशच्या मागच्या टोकाने देठ कोरा. पूर्ण वाळलं असेल तर अर्ध्याहून जास्त भाग एकाच फिक्या रंगाने झाकून टाका आणि जे उरेल त्यालाच फूल म्हणा (प्रश्न ११). तरीही पटलं नाही तर कागद फाडा आणि तुकडे पुढच्या कोलाजच्या फाईलमध्ये टाका. अमेरिकन चित्रकार ली क्रॅस्नर यांनी १९५०च्या दशकात स्वतःचीच न आवडलेली रेखाटनं फाडून त्यांची मोठी कोलाजं केली होती, तेव्हा आपण संकोचायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र करू नका: रात्री साडेअकराला निर्णय. पिवळ्या दिव्याखाली निळा मेलेला दिसतो आणि आपण उगाच त्यावर आणखी निळा चढवतो.

१८. चित्र पूर्ण झालं हे कसं ओळखायचं?

ब्रश हातात घेऊन ‘आता कुठे लावू?’ असं शोधायला लागलात की पूर्ण झालंय. दुसरी खूण: घरातलं कुणीतरी येता-जाता थांबून ‘ही कुठली फुलं?’ विचारतं. उत्तर देऊ नका.

१९. वाळायला किती वेळ लागतो? आणि वार्निश कधी लावायचं?

पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत हाताला लागेनासा होतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे तर रंग ताटलीतच वाळतो, तिथे फवारा सतत हाताशी ठेवा. जुलैत मुंबई-कोकणात तोच थर तासभर चिकट राहतो. हेअर ड्रायर चालतो, पण लांबून. जवळ धरलात तर वरची साय वाळते आणि आत ओल राहते. जाड थरांना काही दिवस द्या.

वार्निश भर पावसात लावू नका. मी एकदा लावलं. आषाढातली संध्याकाळ, बाहेर धो धो, आणि प्रदर्शन दोन दिवसांवर. सकाळी बघते तर गडद जांभळ्या भागावर दुधी धुकं. दमट हवेत वार्निशच्या थरात ओल अडकते, त्याचा हा प्रताप. भेटायला आलेल्यांनी ‘धुक्याचा इफेक्ट’ म्हणून कौतुक केलं, मी मान डोलावली. कोरडा दिवस बघा, पातळ हात द्या, आणि आधी बारक्या तुकड्यावर करून बघा. वर ऑइल पेस्टल असेल तर ब्रशने वार्निश नकोच, पेस्टल फासला जातो. अशा चित्राला काचेची फ्रेम करा आणि माउंट लावा, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही.

२०. चित्र परगावी किंवा परदेशी पाठवायचंय. कसं बांधू?

ॲक्रिलिक वाळल्यावरही उष्णतेत मऊ पडतं आणि जे लागेल त्याला चिकटतं. हे मला कळलं ते नागपूरच्या बहिणीला मे महिन्यात चित्र पाठवल्यावर. मी बबल रॅप थेट चित्रावर गुंडाळला होता. आता तिच्या दिवाणखान्यातल्या कर्दळीवर बुडबुड्यांची नक्षी आहे, अगदी ओळीत.

चित्रावर आधी सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद, मग जाड पुठ्ठा, मग बबल रॅप. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून कधीच ठेवू नका. कागदावरचं चित्र गुंडाळायचं असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळा, आत ठेवलीत तर थरांवर दाब येऊन सुरकुत्या पडतात. परदेशी पाठवताना खऱ्या पाकळ्या, बिया लावलेलं चित्र (प्रश्न १४) टाळा. बऱ्याच देशांत वनस्पतींच्या भागांवर नियम आहेत.

२१. व्हिडिओत बघून अगदी तसंच केलं, तरी तसं होत नाही. काय चुकतंय?

काही चुकत नाही. व्हिडिओत वाळण्याचे तास कापलेले असतात, आणि तुम्ही ते तास न थांबता ओल्यावर ओलं लावता. शिवाय तिथले ओघळ त्यांच्या कागदावरचे आहेत. कृती उचला, फूल उचलू नका.

२२. मुलांबरोबर करता येईल का?

हो, आणि पहिली दहा मिनिटं त्यांनाच शिकवू द्या. स्पिरिट, मोरचूद, फवाऱ्याचं वार्निश त्यांच्यापासून लांब. ॲक्रिलिक कपड्यावर वाळलं की निघत नाही, जुने कपडे घाला. ब्रश आणि ताटल्या आधी वर्तमानपत्राला पुसा, मगच धुवा. रंग मोरीत गेला की पाइपात जाऊन प्लास्टिक होऊन बसतो, प्लंबरने मला काढून दाखवलाय. सुंदर फिरोजी होता.

२३. सही कुठे करायची?

वरची बाजू ठरली नसेल (प्रश्न १६) तर मागे. सहीबरोबर तारीख आणि काय काय वापरलं तेही पेन्सिलने लिहा: कुठलं मीडियम, कुठले कागद, हळद असेल तर हळद. वीस वर्षांनी कुणी चित्र दुरुस्त करायला घेतलं तर त्याला विचारायला तुम्ही जवळ असालच असं नाही. मी हल्ली पंचांगाचं सालही लिहिते.